'जस्ट फ्लू इन' आणि माझे दुखरे हात

मंडळी, अध्यक्षांनी 'हे इंग्रजी व्याकरणावर बोलतील' असं सांगितलं तेव्हा शेवटच्या रांगेत दोघांनी घड्याळ पाहिलं. मी बघितलं हं! घाबरू नका, आज एकच वाक्य घेऊन आलोय: 'आय जस्ट फ्लू इन.' नुकताच विमानानं आलो. देवनागरीत लिहिलं की ताप आल्यासारखं वाटतं. इंग्रजीतही त्या फ्लूचा आणि या फ्लूचा उच्चार एकच, स्पेलिंग तेवढं वेगळं.

आधी माझी फजिती ऐका. पहिलीच परदेशी परिषद, कोट नवा. चहाच्या टेबलापाशी एक वयस्क अमेरिकन गृहस्थ म्हणाले, 'आय जस्ट फ्लू इन फ्रॉम शिकागो, अँड बॉय, आर माय आर्म्स टायर्ड!' मी लगेच त्यांची बॅग हातात घेतली. म्हटलं, जड असेल, द्या इकडे. त्यांचं हसू मावळलं. मी आणखी काळजीनं विचारलं, खांदे आधीपासून दुखतात का? ते बिस्किटांकडे निघून गेले. रात्री खोलीवर दात घासताना, ब्रश तोंडात असताना, डोक्यात उजेड पडला: अरे, हा पंख मारत आला होता! विनोद तिकडे इतका जुना, की सांगणाराही जरा ओशाळूनच सांगतो. सकाळी मी त्यांना गाठून मनापासून हसून दाखवलं. ते दचकले.

(हशा) उजवीकडचे हसले. डावीकडचे अजून दात घासायचेत.

इंग्रजीत पक्षी आणि प्रवासी दोघंही 'फ्लाय' करतात, त्यावर हा विनोद उभा आहे. आपण विमानानं येतो. उडत जायला नावडत्या माणसाला सांगतो. आणि हो, राइट बंधूंचं १९०३ मधलं पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. 'फ्लू' खरं, पण 'इन' कुठं?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, घाईनं सांगतो.

सगळी गोम त्या 'इन'मध्ये आहे. पुढे गाव न जोडता 'जस्ट फ्लू इन' म्हटलं, की 'इथं आलो'. परक्या विमानतळावरून घरी तेवढंच कळवलंत, तर घरचे दार उघडायला जातील. तिथं 'जस्ट लँडेड'. मराठीत आपण चुकत नाही, फोनवर 'पोचलो' म्हणतो, 'आलो' नाही.

काळाचं म्हणाल, तर अमेरिकन 'जस्ट फ्लू इन' म्हणतो, ब्रिटिश माणूस बहुधा 'हॅव जस्ट फ्लोन इन'. दोन्ही बरोबर. पण 'हॅव फ्लोन इन यस्टर्डे' नको. काल आला की 'हॅव' गेला. नुसतं 'फ्लू इन यस्टर्डे' म्हणा.

राहता राहिलं 'फ्लाइड'. ते बेसबॉलमध्ये, उंच मारलेला चेंडू झेलला गेला की, 'फ्लाइड आउट'. का, ते सांगायला दहा मिनिटं लागतील, आणि आयोजक माइकच्या वायरीकडे निघालेत.