रकान्यांत न मावणारी गाणी

[पडद्यावर: कॉम्प्युटरवरचा म्युझिक फोल्डर, खाली खाली सरकत जाणारी यादी]

ट्रॅक 01, ट्रॅक 02, ट्रॅक 03. कलाकाराच्या जागी अननोन आर्टिस्ट, अल्बमच्या जागी अननोन अल्बम. घरच्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं गाणी साठवत आलेल्या कुणालाही ही यादी नवी नाही. सीड्या कॉपी करून ठेवल्या, कुणी पेनड्राइव्हवर काही दिलं, कुणाच्या मामांनी एमपीथ्रीची अख्खी डीव्हीडीच दिली, कॅसेटी उतरवून घेतल्या, आणि आता हार्ड डिस्कवर ढिगाने गाणी आहेत पण हवं ते ऐनवेळी सापडत नाही, आणि आपल्याकडे काय काय आहे हे आपल्यालाच धड माहीत नाही. तर ही गाणी नीट कशी लावायची, आणि ती नीट लावली की त्यातूनच नवीन गाणं कसं सापडत जातं, हे मला सांगायचंय. उदाहरण घेतोय नाट्यसंगीताचं आणि ख्यालाचं, म्हणजे रागदारी गाण्याचं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे आणि सगळ्यात जास्त आनंद पण तिथेच आहे.

आधी नावं येतात कुठून ते बघू. ऑडिओ सीडी 1982 मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यावर आवाज आणि कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो एवढंच होतं, गाण्यांची नावं नव्हती. मग सीडी टाकली की कॉम्प्युटर नावं दाखवायला लागला ते कसं? 1993 मध्ये सीडीडीबी नावाचा सीड्यांच्या माहितीचा साठा सुरू झाला, त्याची युक्ती अशी की सगळ्या ट्रॅकच्या लांबीवरून सीडीचा एक नंबर काढायचा, जगात कुठेतरी कुणीतरी त्या नंबरसमोर हाताने नावं टाइप करून ठेवलेली असायची, ती आपल्या स्क्रीनवर यायची. म्हणजे मशीनला काही कळत नव्हतं, माणसांनी टाइप केलं होतं. इंग्लिश पॉपच्या सीडीला टाइप करणारे हजार जण, आपल्या नाट्यसंगीताच्या सीडीला बहुतेक वेळा कुणीच नाही, आणि कुणी केलंच तर ज्याला जसं सुचलं तसं.

एमपीथ्रीचं पण तसंच. त्या फाइलमध्ये नाव-गाव लिहायची सोय आधी नव्हतीच. 1996 मध्ये एरिक केम्प या प्रोग्रामरने फाइलच्या शेवटी 128 बाइटचा एक तुकडा जोडायची पद्धत काढली, तोच आयडीथ्री टॅग. पहिल्या 3 बाइट खुणेच्या, मग गाण्याचं नाव 30, कलाकार 30, अल्बम 30, वर्ष 4, शेरा 30 आणि शेवटची 1 बाइट गाण्याच्या प्रकारासाठी. त्या एका बाइटमध्ये प्रकाराचा नंबर लिहायचा. सुरुवातीच्या यादीत 80 प्रकार होते, ब्लूज, जॅझ, पोल्का, हार्ड रॉक सगळ्यांना नंबर मिळाला. ख्यालाला नाही, ठुमरीला नाही, अभंगाला नाही, लावणीला तर नाहीच नाही. देवनागरीसाठी जागा नाही. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, बनवणाऱ्याने स्वतःच्या आजूबाजूचं संगीत समोर ठेवून बनवलं. पण त्या रकान्यांत आपलं गाणं बसवायला गेलं की काय होतं बघा.

[पडद्यावर: जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक, पानं उलटतायत]

मानापमान. 1911 चं नाटक, लिहिलं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. आता त्यातलं एक पद घ्या, आधी नाटकात गायलं गेलं, मग तबकडीवर आलं, पुढच्या पिढीने गायलं, कुणी रेडिओवर गायलं, कुणी मैफल संपताना गायलं. आर्टिस्ट म्हणून कोणाचं नाव? गायकाचं, खाडिलकरांचं की टेंब्यांचं? आणि अल्बम? बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर अल्बमच्या जागी नाट्यगीते भाग दोन असलं काहीतरी असतं, म्हणजे कंपनीने कुठल्या गठ्ठ्यात विकलं ते लिहिलेलं, आणि नाटकाचं नाव कुठेच नाही. एवढं मोठं नाटक आणि त्याला रकाना नाही, मला हे खरंच सहन होत नाही.

कट्यार काळजात घुसलीचा घोळ आणखी वेगळा. नाटक 1967 चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्याच नावाचा सिनेमा 2015 चा, त्यात अभिषेकींची जुनी पदं आहेत आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी पण आहेत. सॉफ्टवेअर बिचारं अल्बमचं नाव एकच बघतं आणि दोन्ही एका ढिगात टाकतं. इथे वर्षाचा रकाना नीट भरला तर निम्मं काम तिथेच होतं, एवढी साधी गोष्ट आहे.

आणि नावं! सर्चमध्ये गंधर्व टाइप करा. बालगंधर्व येतात, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. सवाई गंधर्व येतात, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. कुमार गंधर्व येतात, छोटा गंधर्व येतात. चौघांचं गाणं चार दिशांचं, आणि कॉम्प्युटरला चौघांत काही फरक दिसत नाही. उलट गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या गांधारी या नावाने निघाल्या होत्या, म्हणजे बाई एकच आणि मशीनच्या हिशेबाने गायिका दोन. ख्यालगायिका केसरबाई केरकरांचं घ्या, गोव्यातल्या केरीच्या, 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून जी सोनेरी तबकडी अवकाशात पाठवली तिच्यावर त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. आणि इथे घरच्या हार्ड डिस्कवर त्यांचं नाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, कुठे सुरश्री ही पदवी लावून, कुठे केसर आणि बाई तोडून, कुठे जोडून, आणि मग केसरबाई चार ठिकाणी विखुरतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं, नाव एकदा ठरवा आणि देवनागरीत लिहा. आता अडचण नाही, 1998 नंतरच्या नव्या टॅगमध्ये युनिकोड, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिपी चालतात. फक्त एक बारकी गोष्ट सांभाळा, दुसऱ्या, सुऱ्या असल्या शब्दांतला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखाच पण कॉम्प्युटरसाठी वेगळा, त्यामुळे एका कीबोर्डवर लिहिलेलं दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं की सापडत नाही आणि माणूस वैतागतो. एकच कीबोर्ड धरा. आणि जुन्या फाइलींत श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेली नावं असतील तर ती अगम्य अक्षरं दिसतात, ती सरळ पुन्हा टाइप करा.

आता रकान्यांचं. नव्या टॅगमध्ये संगीतकार आणि गीतकार यांना वेगळी जागा आहे, आणि शिवाय आपला स्वतःचा रकाना तयार करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एमपीथ्रीटॅग नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात पन्नास फाइली एकदम सिलेक्ट करून एक्स्टेंडेड टॅगमध्ये जा आणि नवीन फील्ड जोडा, त्याला नाव द्या नाटक. दुसरं राग. तिसरं ताल. चौथं गुरू. आणि पाचवं, माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचं, चाल.

चाल का, ते सांगतो. संगीत नाटकाचं जुनं छापील पुस्तक उघडलं तर पदाच्या डोक्यावर राग असतो, ताल असतो, आणि हे पद कुठल्या चालीवर आहे ते पण असतं, कधी एखादी बंदिश म्हणजे रागात बांधलेली चीज, कधी ठुमरी, कधी दुसऱ्याच नाटकातलं पद. शंभर वर्षांपूर्वी आपल्या छापखान्यांनी हे रकाने भरून ठेवलेत! मानापमानसाठी टेंब्यांनी पूरब अंगाच्या, म्हणजे बनारस-लखनौकडच्या ढंगाच्या ठुमऱ्यांच्या चाली आणल्या, 1916 च्या स्वयंवरात भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बांधली. म्हणजे आपल्याला पाठ असलेल्या पदाच्या मागे एक जुनी चीज उभी आहे, आणि तिचा पत्ता पुस्तकात छापलेला आहे. तो टॅगमध्ये उतरवायचा, मग ती मूळ चीज कुणी गायलीये का ते शोधायचं. मला विचाराल तर नवीन गाणं सापडायचा याच्याइतका चांगला रस्ता दुसरा नाही.

[पडद्यावर: फिरणारी तबकडी]

आणि गाण्यासोबत नाव गेलं पाहिजे ही काळजी काही आजची नाही. नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गायिका गौहर जानचं रेकॉर्डिंग केलं. गाणं संपता संपता ती स्वतःच इंग्लिशमध्ये आपलं नाव सांगते, माय नेम इज गौहर जान. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या माणसाला हे गाणं कोणाचं हे कळावं म्हणून ही सोय. तीन मिनिटांची जागा, त्यात अख्खा राग मांडायचा, आणि त्यातलेच दोन सेकंद नावासाठी ठेवायचे.

आता शोधाबद्दल थोडं सविस्तर. स्ट्रीमिंगवाले जे सुचवतात ते मोठ्या प्रमाणात या हिशेबावर असतं की हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं. 2002 मध्ये ऑडिओस्क्रॉबलर आलं, पुढे ते लास्ट एफएम या वेबसाइटमध्ये गेलं, तिथपासून लोकांना ही सवय लागली, घरच्या कॉम्प्युटरवर वाजवलेलं प्रत्येक गाणं नोंदवायचं आणि आपल्यासारखं ऐकणारे शोधायचे. ऐकणारे लाखो असतात तिथे ही पद्धत छान चालते. पण ख्यालगायिका मोगूबाई कुर्डीकरांची जुनी तबकडी ऐकणारे मोजके, त्यांच्या सवयींवरून मशीनला काही अंदाज बांधता येत नाही, मग ते आपल्याला चार गाण्यांत सगळ्यात गाजलेल्या नावांकडे आणून सोडतं. ती नावं वाईट नाहीत हो, पण ती आपल्याला आधीच माहीत आहेत.

त्यापेक्षा गुरूचा रकाना वापरून बघा. म्युझिकबी या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो प्लेलिस्ट आहे, फूबार या दुसऱ्यामध्ये पण आहे, नियम एकदा लिहायचा आणि यादी आपोआप तयार होत राहते. स्वतः जोडलेला रकाना म्युझिकबीच्या सेटिंगमध्ये एकदा कस्टम टॅग म्हणून दाखवून द्यावा लागतो, तेवढं करा. गुरू अल्लादियाखाँ असा नियम लिहिला की केसरबाई आणि मोगूबाई शेजारी येतात, एका गुरूच्या दोघी आणि गाणं किती वेगळं ते लागोपाठ ऐकल्यावर कळतं. मग मोगूबाईंकडून किशोरी आमोणकरांकडे, अल्लादियाखाँचे मुलगे मंजीखाँ आणि भुर्जीखाँ यांच्याकडून मल्लिकार्जुन मन्सूरांकडे. दुसरीकडे अब्दुल करीमखाँ, त्यांच्याकडून सवाई गंधर्व, त्यांच्याकडून भीमसेन जोशी, गंगूबाई, फिरोज दस्तूर. रागाचा नियम लिहिला तर आणखी मजा, भैरवी लिहा आणि एकाच यादीत ख्यालवाल्यांची भैरवी, नाट्यपद, भजन, सिनेमाचं गाणं सगळं एकत्र येतं, जे आपण कधीच एकत्र ऐकलं नसतं कारण ते चार वेगवेगळ्या फोल्डरांत पडलेलं होतं. हे सगळं इंटरनेट बंद असताना, आपल्याच डिस्कवर.

ज्या फाइलींचं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पिकार्ड वापरा, फुकट आहे, म्युझिकब्रेन्झ या लोकांनी मिळून भरलेल्या कोशाचं ते सॉफ्टवेअर. फाइल दिली की ते सुरुवातीच्या सुमारे दोन मिनिटांच्या आवाजाचा ठसा काढतं आणि साठवलेल्या ठशांशी ताडून बघतं. सिनेमाची गाणी बऱ्यापैकी ओळखतं. जुनी मैफल, घरगुती रेकॉर्डिंग असलं ओळखत नाही, कारण तो ठसा आधी कुणीतरी तिथे ठेवलेला असावा लागतो. पण या कोशात राग आणि ताल लिहायची सोय झालीये, आणि त्यात बार्सिलोनातल्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या झेवियर सेरा यांच्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाचा मोठा हात आहे, 2011 पासून त्यांनी हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, अरब-अंदालुसी आणि चिनी ऑपेरा अशा पाच परंपरा घेऊन त्यांच्या त्यांच्या भाषेत संगीताची माहिती कशी मांडायची यावर काम केलं. तिथे खातं उघडून आपल्याकडचं नाटक, पद, राग कुणालाही भरता येतो. मराठी नाट्यसंगीतासाठी तिथे खूप जागा रिकामी आहे, आणि ती मराठी माणसानेच भरावी असं मला मनापासून वाटतं.

कॅसेटचं पटकन सांगतो. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडायचं, रेकॉर्ड दाबायचं, सी-60 ची एक बाजू अर्धा तास, सी-90 ची पाऊण तास. आवाजाची पातळी लालमध्ये जाऊ देऊ नका. सेव्ह करताना फ्लॅक या फाइलच्या प्रकारात करा, सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला साधारण 10 एमबी खातो, फ्लॅकमध्ये तो बऱ्याचदा निम्म्यावर येतो आणि काही गमावत नाही, मोबाइलसाठी एमपीथ्री नंतर करता येईल. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, हार्मोनियमवर एकदा तपासून घ्या, प्लेअरचा बेल्ट सैल असेल तर काळी पाच खाली घसरलेली असते, ती ऑडॅसिटीत स्पीड बदलून सुधारता येते. आणि दुसऱ्या डिस्कवर कॉपी. या शेवटच्या वाक्यात आळस करू नका.

[पडद्यावर: कॅसेटच्या डबीतला कागद, उलगडताना]

कॅसेट उतरवून झाली की घरचे म्हणणार आता टाकून द्या, कपाटात जागा अडते. टाकायच्या आधी डबीतला तो घडीचा कागद पूर्ण उलगडा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, तानपुऱ्यावर कोण, ही माहिती बऱ्याचदा फक्त तिथेच असते, सीडी काढताना गाळलेली असते आणि ऑनलाइन तर विचारूच नका. फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि टॅगमध्ये सहावा रकाना जोडा, साथ. मग एखाद्या तबलजींचं नाव शोधलं की त्यांनी कोणाकोणाला साथ केलीये ते सगळं समोर येतं, आणि त्यात एखादा असा गायक निघतो ज्याची फाइल आपल्याकडे इतकी वर्षं होती आणि आपण ती उघडलीच नव्हती.