आधी टिन, मग पश्चिम, शेवटी कूलर

मंडळी, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते होरपळवणारे नऊ दिवस, तोंडावर आलाय आणि तुम्ही घरचा कूलर सोडून गॅरेजवरचं व्याख्यान ऐकायला आलात, मनापासून आभार. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगावा! २०१३च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तो आपण सगळ्यांनी अंगावर काढलाय. मला एकच सांगायचंय. गॅरेजची गरमी बाहेरच अडवायची. एकदा आत शिरली की पंखा, कूलर तिला पुरे पडत नाहीत.

कोणी म्हणेल, गाडीला कशाला हवा गारवा? आपल्याच लेआउटमध्ये एक चक्कर मारून या. कुठे ट्यूशन चालते, कुठे शिलाई मशीन आहे, कुठे पोरं कॅरम खेळतात, कुठे कपडे प्रेस करणारं अख्खं कुटुंब दिवसभर उभं असतं. घर बांधताना हॉलमध्ये कूलरची खिडकी आपण आठवणीनं काढतो, गॅरेजला मात्र साधा झरोकाही ठेवत नाही. वर टिन, समोर लोखंडी शटर, बाकी तिन्ही बाजू बंद. नकाशा काढणाऱ्यांवर माझा जुना राग आहे तो यासाठी. पूर्वेचं तोंड घराला जातं आणि पश्चिमेचा उरलेला तुकडा गॅरेजच्या वाट्याला येतो.

आमच्या गल्लीत अशाच एका गॅरेजमध्ये एक मावशी प्रेस करतात. घरमालक भला माणूस. त्यांनी स्वतःच्या पैशानं कूलर आणला, आतल्या कोपऱ्यात ठेवला आणि झळ येऊ नये म्हणून शटर अर्ध्यावर ओढलं. भर दुपारी मी कपडे द्यायला गेलो, तर आत उभं राहवेना. हवा दमट, मावशी घामानं निथळत होत्या, आणि नुकत्याच प्रेस केलेल्या चादरीची घडी हाताला ओलसर लागत होती. म्हटलं, "मावशी, बंद करा ना हा कूलर." तर म्हणाल्या, "भाऊ, त्यायनं एवढ्या हौसेनं देला, बंद कसा करू?" मला फार वाईट वाटलं. देणाऱ्याची माया खरी, घेणारीचा संकोच खरा, आणि दोघांच्या मध्ये ते यंत्र चुकीच्या जागी बसलेलं.

कूलरचं काम साधं आहे. बाहेरची कोरडी हवा कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या ओल्या ताट्यांतून ओढली जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते, म्हणून ती गार होते. पण जितकी हवा आत येते तितकी बाहेर जायलाच हवी. बंद खोलीत ठेवलात तर तो तीच हवा पुन्हा पुन्हा ओली करत राहतो, आणि ओल्या हवेत घाम वाळत नाही. मालकांना हे सांगितल्यावर त्यांनी त्याच दिवशी कूलर मागच्या दाराबाहेर सावलीत नेला आणि शटर वर केलं. दुसऱ्या दिवशी चादरी कोरड्या.

तरी मावशींचं डोकं दुखायचं थांबेना. मी तिथं उभं राहून हात वर केला. तळहात छताकडे धरला की आच लागायची, जमिनीकडे वळवला की लागायची नाही. म्हणजे हवा गार झाली होती, पण तापलेलं टिन किरणांनी थेट डोकं भाजत होतं. हे पंखा थांबवू शकत नाही. उलट पंखा छताखालची तापलेली हवाच खाली लोटतो.

आता माझा आवडता मुद्दा. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या जरा वर आहे. म्हणून २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. नवतपा सुरू होतो तोही याच सुमारास. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळा मारा छतावर, आणि दुपारनंतर पश्चिमेवर. सूर्य मावळतो तोही पश्चिमेच्या बराच उत्तरेला, वायव्येकडे सरकून. लोक दक्षिणेच्या खिडकीला हिरवी जाळी बांधतात आणि टिन तसंच सोडतात, ते पाहून मला राहवत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

टिन चकचकीत असलं की थंड राहतं, हा समज सोडा. चकचकीत पत्रा घेतलेली उष्णता लवकर सोडत नाही. रात्रभर भिजवलेल्या चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात मारा. पावसात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा लावा. त्यावर फूटभर अंतर ठेवून जाळी ताणा, मधून वारा वाहू द्या. खालून थर्माकोल चिकटवू नका, तो पेट घेतो. पश्चिमेच्या शटरसमोर वायव्येची बाजू झाकेल असा ताटीचा आडोसा बाहेरून लावा. शटर एकदा तापलं की आतला पडदा काय करणार? छताजवळ झरोका किंवा एक्झॉस्ट, आणि शटर खाली चार बोटं उघडं, म्हणजे गरम हवा वरून निघते. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत साचते, तीही खालून निघून जाते. म्हणून ठिणगी तिथं पडू नये यासाठी कूलरचा प्लग उंचावर हवा, आणि पेट्रोलचा डबा, थिनर गॅरेजमध्ये नकोच. गाडी आली की बॉनेट निवेपर्यंत बाहेर सावलीत उभी करा. शटर लावून गाडीचा एसी चालू ठेवून बसणं तर जिवावर बेतू शकतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल कोणी लिहून विचारलंय. लेड-अॅसिड बॅटरीला साधारण २५ अंश मानवतात, त्यावर दर १० अंशांमागे तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. तिला पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा, आणि उद्याच हलवा.