पाळकसाहेब डायलिसिसवर आहेत, मंडळी चालू आहे

जालना. मंगळवार, सकाळी साडेसहा. मशीन सुरू झालं की पुढचे 4 तास आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा डावा हात हलवायचा नाही, फिस्टुलात, म्हंजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या हातातल्या शिरेत, दोन सुया असतात, आणि उजव्या हातात मोबाईल. आठवड्यातून 3 वेळा हेच. सुरुवातीचा तास बरा जातो म्हणतात, तेवढ्यातच फोन उरकून घ्यायचे, नंतर बीपी खाली आला की बोलवत नाही.

फोन कुणाला, तर एक जाड पुठ्ठ्याची वही आहे, त्यात घराघराची नावं, कुणाचं ऑपरेशन, कुणाची पोरगी पुण्याला नर्सिंगला, कुणाचं म्हातारं माणूस अंथरुणावर. एका बैठकीत तीन-चार घरं होतात. "आज्जी, साखर चेक केली का? जेवायला काय खायलात?" इथून सुरुवात, प्रार्थना शेवटी आणि तीही छोटी, कारण शेजारच्या बेडवरच्या माणसाला झोपायचं असतं.

इथली मंडळी, म्हंजे चर्चची माणसं, जुनी. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढं इकडं आले, जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं. आमच्याकडं पाळक म्हंजे घरी येणारा माणूस, आणि हे साहेब तर उन्हातान्हात मोटारसायकल काढून वस्तीवर जाणारे. ते अचानक दिसेनासे झाले, मग चर्चा सुरू, कुणी म्हणे कॅन्सर, कुणी म्हणे मुंबईला हलवलं. शेवटी एका रविवारी उपासना संपल्यावर ते स्वतः उभे राहिले, दोन्ही किडन्या गेल्यात, डायलिसिस सुरू झालंय, अमुक जमेल, तमुक जमणार नाही, सगळं सांगितलं. मला विचाराल तर नातं टिकलं ते त्या दिवसामुळं. बायबलात फिलिप्पैकरांस पत्रात एपफ्रदीत, फिलिप्पैच्या मंडळीनं पौलाकडं पाठवलेला माणूस, मरणाच्या दारात जाऊन आलेला असतो आणि त्याला घोर कशाचा, तर आपल्या आजाराची बातमी मंडळीला कळली याचा, आणि पौल ते झाकत नाही, सरळ लिहितो, तेही कैदेत असताना.

आता भेटायला येणाऱ्यांचं. आपल्या मराठवाड्यात आजाऱ्याला बघायला जायचं म्हंजे जीप भरून जायचं, हातात शहाळी, केळी. डायलिसिसवाल्याला नेमकं तेच चालत नाही, पोटॅशियम वाढलं की थेट हार्टला धोका, आणि पाणीसुद्धा मोजून, दोन डायलिसिसच्या मधी अंगात साचलेलं पाणी मशीनलाच काढावं लागतं. जालन्याच्या मे महिन्यात मोजून पाणी पिणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मग साहेबांच्या मिसेसनी दारावर कागद लावला, दोघंच, दहा मिनिटं, खोकला असेल तर फोन करा. काहीजण रुसले, "आम्ही काय परके हावत का?" त्या रुसलेल्यांना साहेबांनी एकेकाला फोन केला, आणि प्रत्येकाला एक घर वाटून दिलं, माझ्याऐवजी तिथं जाऊन या, आणि मला सांगा. बायबलात याकोबानं आपल्या पत्रात आजाऱ्याला सांगितलंच आहे, मंडळीच्या वडिलांना, म्हंजे जबाबदार वडीलधाऱ्यांना, बोलाव म्हणून. इथं वडील नुसते आले नाहीत, कामाला लागले.

रविवारचा उपदेश आता मंडळीचे पंच करतात, एक रिटायर्ड गुरुजी तर लई मनापासून करतात, लांबवतात थोडं, पण लोक ऐकतात. प्रभूभोजन, म्हंजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, मात्र दीक्षा झालेल्या पाळकाशिवाय होत नाही, त्यासाठी शेजारच्या शहरातले पाळक महिन्यातून एका रविवारी येतात आणि दुपारी साहेबांच्या घरी जातात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी प्याला नेणारा माणूस खाटेवर बसून तो घेतो, घोट बारकासा, आणि मिसेस तोही दिवसाच्या पाण्यात मोजतात.

नवीन पाळक मागवायचा का, हा विषय कमिटीत साहेबांनीच काढला. सगळे गप्प. मग तेच म्हणाले, लाजायचं कशाला, लग्नं आणि माती दुसऱ्यांकडं द्या, पोरांचा कन्फर्मेशनचा, म्हंजे मंडळीत पक्कं सभासद होण्याआधीच्या शिकवणीचा, क्लास माझ्याकडं ठेवा, जमतंय तोवर. बिशपसाहेबांना पत्र गेलंय, उत्तर यायचंय. क्लास गुरुवारी संध्याकाळी असतो, पोरं मास्क लावून अंगणात बसतात, आणि ज्यानं पाठांतर केलं नाही त्याला साहेब पहिल्यासारखेच रागावतात.