उंबरातलं चिलट

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी उंबर खायचं तर आजीचा एक नियम होता. आधी फोडायचं, मग फुंकर मारायची, मगच तोंडात. फोडलं की आतून चिलटं भुर्रकन उडायची. आम्हाला वाटायचं, फळ किडलंय. पण ती चिलटं नसती, तर ते फळ पिकण्याआधीच गळून गेलं असतं.

'उंबराचं फूल' म्हणजे कधी न दिसणारी वस्तू, असं आपण म्हणतो. फुलं असतात, शेकड्यांनी असतात, पण फळाच्या आत. वर एकच बारीक भोक, तेही खवल्यांनी मिटलेलं. आपलं चिलट म्हणजे गांधीलमाशीच्या गोतातला इवलासा जीव; त्याची मादी त्यातून आत घुसते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तिथेच तुटतात. अंगावर दुसऱ्या उंबराचा पराग असतो. काही फुलांत ती अंडी घालते, बाकीच्यांना पराग लागून बी धरतं, आणि ती आतच मरते.

काही आठवड्यांनी पुढची पिढी तयार होते. अंडी घातलेल्या फुलांच्या गाठी झालेल्या असतात, त्यांतून नर आधी बाहेर येतात, पण फळाच्या आतच. त्यांना पंखच नसतात. माद्या अजून गाठींमध्ये असतानाच मीलन होतं. मग नर फळाची साल आतून कोरून वाट करतात आणि संपतात. संकुचित माणसाला आपण उंबरातला किडा म्हणतो ना, ते लागू पडलंच तर या बिचाऱ्या नरांना. माद्या ताजा पराग घेऊन त्या वाटेने बाहेर पडतात.

आणि इथून खरी घाई सुरू होते. मादीच्या हाताशी जेमतेम एक-दोन दिवस. तेवढ्यात कोवळी फळं धरलेलं उंबर सापडायला हवं, आणि आपल्या झाडावरची फळं तर बहुतेक एकाच वयाची. म्हणजे रानातली सगळी उंबरं एकदम फळाला आली, तर हिचा वंशच बुडेल. म्हणून आंबा-जांभळासारखा उंबराचा एक हंगाम नाही. ओढ्याकाठचं झाड आज लगडलेलं, तर टेकडीपलीकडचं महिन्याभराने. वड-पिंपळांचंही तसंच. रानात कुठे ना कुठे पंगत चालूच.

पंगतीला कोण नसतं! आपल्या राज्याचा प्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, दोघेही हजर. हरियाल पानांत इतका मिसळतो, की वरून फळं टपटपायला लागली की मगच कळतं. रात्री वटवाघळं आणि उदमांजर. खाली सांडलेल्यावर भेकर, रानडुक्कर. आणि धनेश, म्हणजे कोकणातला ककणेर. त्याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. नर फेऱ्या मारून उंबरं, वडाची फळं आणतो आणि त्या फटीतून एकेक भरवतो. तिचं बाळंतपण अशा रीतीने एका चिलटाच्या घाईवर चालतं.

दत्ताचं झाड म्हणून बांधावरचं उंबर लोक सहसा तोडत नाहीत, हे चांगलंच. पण आजूबाजूची सगळी गेली आणि ते एकटंच उरलं, तर त्याच्या माद्यांनी जायचं कुठे? वारा मदत करतो म्हणा. नामिबियात उंबराच्या भावकीतल्या एका झाडाची चिलटं तब्बल १६० किलोमीटर गेल्याचं आढळलंय.

पुढच्या वेळी उंबराखाली गेलात, तर पडलेलं एक फळ उचला आणि सालीवर टाचणीने टोचल्यासारखं भोक शोधा. दिसलं, तर मंडळी निघून गेली. नाही दिसलं, तर खाण्याआधी फुंकर मारायला विसरू नका.