५४ मिलिमीटरचा नायक

(दृश्य : टेबलावरचा दिवा. भिंगाखाली ब्रशचे टोक आणि एक चेहरा.)

सैनिकाच्या छोट्या पुतळ्याचे, पडद्यावर तळहाताएवढे दिसणारे हे डोळे प्रत्यक्षात खसखशीच्या दाण्याएवढे आहेत. ते रंगवताना पांढराशुभ्र रंग वापरत नाहीत, कारण शुभ्र पांढऱ्याने चेहरा दचकल्यासारखा दिसतो. म्हणून आधी किंचित मळकट, हस्तिदंती रंगाचा ठिपका द्यायचा, त्यावर वरून खाली एक गडद तपकिरी रेघ ओढायची आणि मग त्वचेच्या रंगाने दोन्ही पापण्या काढून त्या रेघेचा नको असलेला भाग झाकून टाकायचा, असा क्रम आहे. श्वास सोडल्यानंतर पुढचा घेईपर्यंत जी उसंत मिळते तेवढ्यातच रेघ ओढली जाते. आमच्या कॅमेऱ्यासमोर ती तीनदा चुकली आणि चौथ्यांदा साधली.

हे काम करणारे गृहस्थ पुण्याचे आहेत, निवृत्त आहेत, आणि घरातील वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी आपले नाव व पत्ता न देण्याची विनंती केली आहे. म्हणून आपण त्यांना काका म्हणू. काकांच्या छंदाचे मूळ दिवाळीच्या किल्ल्यात आहे. कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे साच्यातून निघालेले असत आणि किल्लेदारापासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांचे चेहरे एकाच गुलाबी रंगाचे असत. शाळकरी काकांना तो गुलाबी रंग खटकला आणि त्यांनी घरातील रंगपेटी घेऊन अख्खी शिबंदी नव्याने रंगवली. पुढे पन्नास वर्षे ते तेच करत आले आहेत, असे म्हटले तरी चालेल.

(दृश्य : अस्तर दिलेले, राखाडी रंगाचे छोटे सैनिक एका ओळीत.)

५४ मिलिमीटर हे माप खेळण्यांच्या दुनियेतून आले. विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली आणि त्या सैनिकांची उंची पुढे प्रौढ छंदिष्टांचेही प्रमाण बनून बसली. दुसरे लोकप्रिय प्रमाण १:३५, म्हणजे मूळ आकाराचा पस्तिसावा भाग, हे आहे, आणि त्याची जन्मकथा तर अगदीच व्यवहारी आहे: जपानच्या तामिया कंपनीला आपल्या पँथर रणगाड्याच्या पोटात विजेरीचे सेल बसवायचे होते, म्हणून रणगाडा तेवढा मोठा झाला. आज काकांच्या टेबलावर येणारे संच प्लास्टिकचे, रेझिनचे किंवा मिश्रधातूचे असतात. जुन्या मिश्रधातूत शिसे असते, त्यामुळे तो घासताना काका तोंडाला मास्क लावतात आणि भुकटी ओल्या फडक्याने टिपून घेतात.

आत्ता जो सैनिक तयार होत आहे, तो मात्र कोणत्याही खोक्यातून जसाच्या तसा निघालेला नाही. दुसऱ्या महायुद्धातील आठव्या सेनेचा ब्रिटिश सैनिक दुकानात सहज मिळतो. त्याच सेनेत इटलीत लढलेला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान हवा असेल तर तो बहुतेक वेळा स्वतःच घडवावा लागतो. हा नायक (लष्करातील एक हुद्दा) यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. रायगड जिल्ह्यातील माणगावजवळच्या पळसगावचे घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील प्रत्येक जण ठार किंवा जखमी झाला. ते एकटेच धावून गेले, हातबॉम्बने त्यांनी ती मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा तीच टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर सोट्यासारखी चालवली. काकांनी पुतळ्यासाठी नेमका हा क्षण निवडला आहे.

(दृश्य : छोट्या करवतीने कापला जाणारा हात. तांब्याची तार. दोन रंगांची पुट्टी मळणारी बोटे.)

निवडणे सोपे असते, पण संचातील सैनिकाने बंदूक रीतसर दस्त्याशी धरलेली असल्यामुळे त्याचे दोन्ही हात खांद्यापासून कापावे लागले. छिद्रे पाडून त्यात तांब्याची तार बसवली, ती हव्या त्या कोनात वाकवली आणि तिच्यावर इपॉक्सी पुट्टीने आधी स्नायू व नंतर शर्टाच्या चुण्या घडवल्या. पुट्टीचे दोन भाग एकत्र मळले की ती तास-दोन तासांत घट्ट होऊ लागते. त्यामुळे बोटे एका बैठकीत करायची आणि बाही दुसऱ्या बैठकीत, अशी विभागणी करावी लागते. भिंगातून पाहिल्यास पकडलेल्या नळीभोवती चारही बोटे वेगवेगळी मोजता येतात.

महिना जुलैचा असल्याने गणवेश उन्हाळी, खाकी ड्रिलचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, आहे. खाक म्हणजे धूळ, आणि काका हा रंग बाटलीतून थेट घेत नाहीत, तर वाळूचा पिवळा, थोडा करडा आणि कणभर हिरवा मिसळून तो धुळीच्या जवळ आणतात. चुण्यांच्या खोलगट भागांत पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवला जातो; उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट छटा घासली जाते. त्वचेची गोष्ट मात्र वेगळी आहे. रंगाच्या दुकानात ‘फ्लेश’ असे लिहिलेल्या बाटलीत गोरी कातडी असते. कोकणातला, उन्हात रापलेला चेहरा त्या बाटलीत नाही. तो काका गडद तपकिरी, गेरू आणि किंचित लाल यांतून जुळवतात. आमच्या मते या साऱ्या खटाटोपात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

मशीनगनवरच्या त्या झुंजीनंतर घाडगे लगेचच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी कोसळले. त्यांचे वय २२ वर्षे होते, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळाले, आणि ज्ञात कबर नसल्याने त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो या गावच्या स्मारकावर कोरले आहे. इटलीतील मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातील एक स्मारकही उभे राहिले.

(दृश्य : काचेचे कपाट. कपाटातील दिवा लागतो.)

टेबलाच्या मागे हे कपाट आहे. वरच्या खणात पितळेची एक चपटी डबी आहे, जी १९१४ च्या नाताळात ब्रिटनच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना भेट म्हणून देण्यात आली. गोऱ्या सैनिकांना तंबाखू व सिगारेट मिळाल्या. हिंदी सैनिकांसाठी त्याच भेटीत खडीसाखर आणि मसाल्याची डबी होती. काकांनी ही डबी चिंच-मीठ लावून कधीच घासलेली नाही, कारण शंभर वर्षांचा तो काळसर थर गेला की उठावाच्या नक्षीची धारही जाते. ती कोरड्या, मऊ ब्रशने झटकली जाते, आणि पावसाळ्यात खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या जातात.

खालच्या खणात पहिल्या महायुद्धातील चांदीचे एक पदक आहे. त्याची फीत उन्हाने विटू नये म्हणून कपाट खिडकीपासून दूर ठेवले आहे. पदकाचा दर्शनी भाग सर्वांचा सारखाच असतो. माणूस सापडतो तो कडेवर. तिरप्या उजेडात फिरवले की क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण अशी अक्षरे एकामागून एक उजळतात, आणि येथे पलटण आहे ११७ वी मराठा. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती आणि १०३ व्या व ११० व्या मराठा पलटणींप्रमाणेच तीही मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला, मग शरणागती झाली, आणि कैदेत गेलेल्यांपैकी अनेक परतले नाहीत. अशी पदके चांदीच्या भावाने आटवली गेली आहेत. हे पदकही कोणाच्या तरी घरातून बाहेर पडले असणार.

बंदुका आणि जिवंत दारूगोळा या कपाटात नाही, कारण शस्त्र कायद्याच्या वाटेला जाण्याची काकांची इच्छा नाही. शंभरी ओलांडलेल्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, त्यामुळे त्या परदेशी विकण्याचाही प्रश्न उद्भवत नाही.

(दृश्य : पुन्हा टेबल. पुतळा लाकडी बैठकीवर.)

चित्रीकरणाच्या शेवटच्या संध्याकाळी पुतळ्याच्या बाहीवर हुद्द्याची खूण काढायची राहिली होती. नायकाच्या दोन फिती असतात आणि या प्रमाणात त्यांतील प्रत्येक मिलिमीटरभरही रुंद नसते. काकांनी पहिली फीत काढली, ब्रश पाण्यात बुडवून अंगठ्याच्या नखावर त्याचे टोक जुळवले, आणि दुसरी सकाळच्या उजेडात काढू, असे म्हणून दिवा मालवला.