न उघडलेल्या फायलींची खबर: मोठ्या कोडसाठी एडिटर निवडताना

[दृश्य: पडद्यावर लिनक्स कर्नलच्या सोर्सचे फोल्डर. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा उघडत जातो.]

हा लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा सोर्स. सत्तर हजारांच्या वर फायली, त्यातल्या बहुतेक सी भाषेतल्या. कुणालाही फुकट उतरवून घेता येतो, त्यामुळे एडिटर पारखायला याहून चांगलं मैदान शोधून सापडणार नाही. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम; त्याच्या 'गिट क्लोन' या उतरवून घ्यायच्या आज्ञेला 'डेप्थ १' जोडलं की जुना इतिहास येत नाही, फक्त आजचा कोड येतो.

विंडोज किंवा मॅकवर मात्र क्लोन संपताक्षणीच गिट म्हणेल, काही फायली बदलल्यात. तुम्ही तर अजून कशाला हातही लावलेला नाही! झालंय असं, की कर्नलच्या नेटफिल्टर भागात काही फायलींच्या नावांत फरक फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा आहे. ज्या डिस्कला हा फरक कळत नाही, तिथे एक फाइल दुसरीवर लिहिली जाते. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, घ्यावी, आणि सोर्स लिनक्सच्या होम फोल्डरातच ठेवावा. सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून उघडलात, तर शोध रखडतो आणि फाइल बदलल्याची वर्दीही एडिटरपर्यंत धड पोचत नाही.

[दृश्य: एडिटरचा शोधाचा चौकोन. त्यात 'शेड्यूल' हे फंक्शनचं नाव टाइप होतं.]

एकच फाइल लिहायची तर कुठलाही एडिटर चालतो. थीम, फॉन्ट, आयकॉन यांवर लोक तासन् तास वाद घालतात, घालोत बापडे. फायली हजारांत गेल्या की खरा प्रश्न एकच उरतो: जी फाइल तुम्ही उघडलेलीच नाही, तिच्यातलं या एडिटरला किती कळतं?

'शेड्यूल' हे कर्नलमधलं फंक्शन. प्रोसेसरवर आता कुठलं काम चालवायचं, ते इथे ठरतं. हे नाव साधं शोधलं तर निकालांचा ढीग पडतो: कॉमेंटमधले उल्लेख, 'शेड्यूल अंडरस्कोर वर्क', 'रीशेड्यूल', सगळं एकत्र. पूर्ण शब्दाची अट घातली की ढीग बराच उतरतो, पण कॉमेंट राहतातच. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर तर वीस हजार निकालांवर थांबतो. ती मर्यादा सेटिंगमध्ये बदलता येते. शोध मात्र झपाट्याने होतो, कारण आत रिपग्रेप हा वेगवान शोधाचा प्रोग्रॅम चालतो.

याच शोधात एक खोच आहे. व्हीएस कोड गिटइग्नोरमधल्या, म्हणजे गिटला दुर्लक्ष करायला सांगितलेल्या फायली शोधातून वगळतो. एरवी ही सोयच, पण बिल्डमध्ये, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवताना, तयार झालेल्या हेडर फाइलमध्ये एखादं नाव असेल तर ते 'सापडलं नाही' म्हणून तुम्ही भलतीकडेच शोधत बसता. वगळायच्या फायलींच्या रकान्याशेजारी एक छोटं चक्र आहे. ते बंद करा आणि पुन्हा शोधा.

[दृश्य: त्याच नावावर कर्सर. एफ-१२ दाबल्यावर 'कर्नल', 'शेड', 'कोर डॉट सी' ही फाइल उघडते.]

शब्दशोध कितीही वेगवान असला, तरी त्याला फक्त अक्षरं दिसतात. फंक्शन कुठे लिहिलंय आणि कुठे वापरलंय, हे कळायला सूची लागते. ती करायच्या दोन वाटा आहेत.

जुनी वाट सीटॅग्जची, म्हणजे कुठलं नाव कुठे लिहिलंय याची यादी बनवणाऱ्या प्रोग्रॅमची. कर्नलच्या फोल्डरात 'मेक टॅग्ज' चालवा, एक टॅग फाइल तयार होते. व्हिम या टर्मिनलमधल्या एडिटरात नावावर कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की व्याख्येवर, कंट्रोल-टी दाबलं की परत जागेवर. एका नावाच्या अनेक व्याख्या असतील तर आधी 'जी' दाबा, मग यादी समोर येते. इथे लोक सवयीने 'सीटॅग्ज'ला नुसता 'कॅपिटल आर' देतात आणि फसतात. कर्नलमधले सिस्टिम कॉल (प्रोग्रॅम कर्नलकडे काम मागतात ती फंक्शन) मॅक्रोतून, म्हणजे कंपाइल होताना पूर्ण कोडात उलगडणाऱ्या छोट्या नावांतून लिहिलेले असतात; त्या मॅक्रोंची ओळख कर्नलच्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये घातलेली आहे. 'मेक टॅग्ज' ती स्क्रिप्ट वापरतं. शिवाय सगळ्या प्रोसेसरांचा कोड गोळा न करता ते तुमच्याच आर्किटेक्चरपुरतं बघतं.

टॅग फाइल आपोआप ताजी होत नाही, ही तिची मोठी उणीव. गिटमध्ये ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, बदलली की ती शिळी.

दुसरी वाट लँग्वेज सर्व्हरची. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला. त्याआधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळं प्लगइन लिहावं लागे. आता भाषेचं ज्ञान एका स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये असतं आणि कुठलाही एडिटर त्याला विचारू शकतो. सी भाषेसाठी तो प्रोग्रॅम म्हणजे क्लँगडी. व्हिमपासून निघालेल्या निओव्हिममध्ये आवृत्ती ०.५ पासून आणि ईमॅक्स या एडिटरात आवृत्ती २९ पासून ही सोय अंगभूत आहे. त्यामुळे 'व्हीएस कोडला व्याख्या कळते, व्हिमला कळत नाही' हे म्हणणं आता जुनं झालं. तिघेही एकाच क्लँगडीला विचारू शकतात, मग उत्तरही एकच येतं.

[दृश्य: टर्मिनल. बिल्डच्या ओळी भराभर सरकतायत.]

क्लँगडीला प्रत्येक फाइल कुठल्या फ्लॅगनी, म्हणजे कंपायलरला दिलेल्या कुठल्या सूचनांनी, कंपाइल होते हे सांगावं लागतं. ते 'कंपाइल कमांड्स डॉट जेसन' या फाइलमधून कळतं. क्रम असा: आधी 'मेक डेफकॉन्फिग' (ठरावीक कॉन्फिग, म्हणजे कर्नलचे कुठले भाग चालू ठेवायचे याची यादी), मग पूर्ण बिल्ड, मग 'मेक' पुढे त्या जेसन फाइलचं नाव. तिन्ही वेळा 'एलएलव्हीएम बरोबर १' हे जोडायचं, म्हणजे बिल्ड क्लँग या कंपायलरने होतं. ते का? जीसीसी या दुसऱ्या कंपायलरने बिल्ड केलं तर त्याचे काही फ्लॅग क्लँगला समजत नाहीत, आणि उघडाल त्या फाइलच्या माथ्यावर 'अननोन आर्ग्युमेंट' अशी लाल रेघ येते. जीसीसीच हवा असेल तर 'डॉट क्लँगडी' फाइलमध्ये ते फ्लॅग काढून टाकायला सांगता येतं.

मग सूची बनायला लागते. पंखा जोरात फिरतो, सगळे कोर कामाला लागतात. मशीन अडत असेल तर क्लँगडीला 'जे' देऊन थ्रेड कमी करा. सूची 'डॉट कॅश' फोल्डरात साठते, पुढच्या वेळी पहिल्यापासून बनत नाही. व्हीएस कोडमध्ये मायक्रोसॉफ्टचं सी-प्लसप्लस एक्स्टेंशन आधीपासून असेल, तर त्याचं इंटेलिसेन्स बंद करा. दोघं एकदम चालली की प्रत्येक चूक दोनदा दिसते आणि रॅमही दुप्पट जाते.

[दृश्य: नाव बदलण्याचा छोटा चौकोन. मागे फायलींची लांब यादी.]

आता सगळ्यात जोखमीचं काम: एक नाव सगळ्या फायलींत बदलणं.

एफ-२ दाबलं, नवं नाव दिलं, झालं, असं वाटतं. पण क्लँगडी पन्नासपेक्षा जास्त फायलींना हात लागणार असेल तर नकार देतो. 'रिनेम फाइल लिमिट' शून्य केलं की ही अट जाते. 'कुठे कुठे वापरलंय' हे विचारल्यावरची यादीसुद्धा मुळात एक हजारांवर तुटते. यादी गोल हजारावर थांबलेली दिसली की समजून जा.

याहून गंभीर गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. जेसन फाइल बनते ती बिल्ड झालेल्या फायलींवरून. तुमच्या कॉन्फिगमध्ये जे ड्रायव्हर बंद आहेत, ते क्लँगडीच्या लेखी अस्तित्वातच नाहीत. 'इफडेफ'मधल्या, म्हणजे अट पुरी झाली तरच कंपाइल होणाऱ्या कोडच्या, बंद फांद्यांचंही तेच. तुमच्याकडे बिल्ड स्वच्छ होतं, आणि वेगळ्या कॉन्फिगवाल्याकडे कोसळतं.

म्हणून आधी 'गिट स्टेटस' स्वच्छ हवा, म्हणजे नोंद न झालेला कुठलाच बदल नको. मग एडिटरमधून नाव बदला. मग 'गिट ग्रेप' या गिटच्या शब्दशोधाला पूर्ण शब्दाचा 'डब्ल्यू' देऊन जुनं नाव शोधा. डॉक्युमेंटेशन, बंद ड्रायव्हर, मॅक्रो यांतली उरलेली नावं तिथे सापडतात. शेवटी 'गिट डिफ स्टॅट' पाहा; कुठल्या फाइलीत किती ओळी बदलल्या ते त्यात दिसतं. ज्या फायलींत फक्त एक शब्द बदलायला हवा होता, तिथे पन्नास ओळी दिसल्या तर एडिटरने सेव्ह करताना ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटल्यात, किंवा टॅबच्या जागी स्पेस घातल्यात. कर्नलचा टॅब आठ जागांचा असतो. या दोन्ही सेटिंग आधीच बघून ठेवाव्यात.

व्हिमच्या जुन्या रीतीने करणाऱ्यांनी शोधाचे निकाल क्विकफिक्स या यादीत घेऊन त्यातल्या प्रत्येक फाइलवर एकच आज्ञा चालवणारं 'सीएफडू' चालवावं. बदलाच्या आज्ञेत 'ई' आणि शेवटी 'अपडेट' विसरू नका. 'ई' नसेल तर नाव न सापडलेल्या फाइलवर एरर येते. 'अपडेट' नसेल तर सेव्ह न झालेल्या पहिल्याच फाइलवर गाडी अडते.

[दृश्य: मराठी मजकुराची भाषांतर फाइल. एकसारखे दिसणारे दोन शब्द शेजारी शेजारी.]

ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये मराठी मजकुराच्या फायली आहेत, त्यांच्यासाठी एक खास चाचणी. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही एकसारखे. एका रूपाने शोधलं तर दुसरं सापडत नाही, आणि यात एडिटरचा दोष नाही. बाइटच वेगळे आहेत. दोन्ही रूपं शोधा. टर्मिनलमधल्या एडिटरात जोडाक्षरावरून कर्सर सरकवून पाहा. तो अक्षराच्या भलत्याच बाजूला उभा राहिला, तर मराठी फायलींपुरता खिडकीवाला एडिटर बरा.

[दृश्य: एडिटरच्या कोपऱ्यात 'फाइल बदल पाहता येत नाहीत' अशी सूचना.]

व्हीएस कोडची ही सूचना लिनक्सवर येते, बहुतेकदा नोड मॉड्यूल्ससारख्या (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टची उतरवलेली पॅकेजं जिथे साठतात) अवाढव्य फोल्डरमुळे. एडिटर प्रत्येक फोल्डरवर एक पाळत ठेवतो, आणि प्रत्येक युजरला किती पाळती मिळतील याला मर्यादा असते. जुन्या कर्नलवर ती ८१९२ होती, ५.११ पासून रॅमच्या प्रमाणात ठरते. मर्यादा संपली की टर्मिनलमध्ये ब्रँच बदलूनही एडिटरात जुनाच मजकूर दिसत राहू शकतो. आधी 'वॉचर एक्सक्लूड' या सेटिंगमध्ये ते फोल्डर घाला, म्हणजे त्यावर पाळत राहत नाही. तरी भागलं नाही, तर सिसकंट्रोल या कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेने मर्यादा ५२४२८८ करा.

कोड दूरच्या सर्व्हरवर असेल तर हिशेब बदलतो. व्हीएस कोड एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर काम करायच्या सुरक्षित जोडणीने, जोडला की त्याचा अर्धा भाग त्या सर्व्हरवर चालतो, क्लँगडीही तिथेच, आणि रॅम तिथलीच खातात. एक जीबीच्या स्वस्त सर्व्हरवर कर्नलची सूची बनवायला गेलात, तर लिनक्स कुठला तरी प्रोसेस मारून टाकेल, बहुधा क्लँगडीच. तिथे व्हिम, टॅग फाइल आणि 'गिट ग्रेप' पुरे.