आजी, दिव्याकडे बघा

(पडद्यावर: निळ्या कापडाच्या गोल छिद्रातून दिसणारा एक डोळा.)

"आजी, जरा चुरचुरेल हं."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळा बधिर करणारा थेंब पडला. अर्ध्या मिनिटात बुबुळाला स्पर्श कळेनासा होईल. आजी मात्र टक्क जाग्या आहेत. "झालं का?" विचारूनही झालंय.

थेंबांची ही युक्ती 1884 सालची, व्हिएन्नातली. कोकेननं जीभ बधिर होते हे पुष्कळांना ठाऊक होतं. ते डोळ्यात घालून पाहावं, हे सुचलं कार्ल कोलर नावाच्या तरुण डॉक्टरला. आधी बेडूक, मग ससा, कुत्रा आणि शेवटी स्वतःचा डोळा. आरशासमोर बसून त्यानं टाचणीचं डोकं बुबुळाला टेकवलं. काहीच कळलं नाही! सप्टेंबरात हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती, पण कोलरकडे प्रवासापुरते पैसे नव्हते. त्याचा शोध तिथं दुसऱ्यानंच वाचून दाखवला.

पण थेंबानं दुखणं थांबतं, डोळा फिरायचा थांबत नाही. मोठा छेद घेऊन मोतीबिंदू काढायचा तर डोळा जागच्या जागी हवा. म्हणून बधिर करणाऱ्या इंजेक्शनची सुई आली.

(पडद्यावर: खोबणीचं रेखाचित्र.)

ही सुई डोळ्याच्या मागे, डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या शंकूत जायची. कित्येक वर्षं रुग्णाला सांगत, "वर, नाकाकडे बघा." पुढे सीटी स्कॅन आले आणि कळलं, तसं बघितलं की डोळ्याची मुख्य नस सुईच्या वाटेकडेच सरकते. मग "समोर बघा" सुरू झालं. 1986 च्या सुमारास शंकूबाहेर औषध सोडायची पद्धत रुळू लागली. त्यानंतर सुईऐवजी बोथट, वाकडी नळी आली. मोठ्या मायनस नंबरच्या लांबट डोळ्याला सुईनं भोक पडण्याची धास्ती जास्त. तिथं ही नळी बरी.

फेको म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचा चुरा करून तो ओढून काढणं. त्याचा छेद जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणून आता पुन्हा थेंब. डोळा स्थिर ठेवायचं काम मात्र रुग्णाकडे आलं. ज्याला ऐकू येत नाही, डॉक्टरांची भाषा कळत नाही, त्याला इंजेक्शनच द्यावं, असं मला वाटतं.

"आजी, दिव्याकडे बघा. तिकडेच."

कापडाखाली सिस्टरनं आजींचा हात धरलाय. खोकला आला तर आजींनी हात दाबायचा, असं ठरलंय.

हात दाबला जातो. डॉक्टर हत्यारं बाहेर घेतात, थांबतात. आजी खोकतात.

"झालं?"

"हं. करा आता."